ती पाणी कधी पिते? सोलापुरातल्या एका शॉर्टफिल्मच्या नायिकेचं प्रकरण

मागच्या उन्हाळ्यात आम्ही सहा-सात जणांनी मिळून सोलापुरात २२ मिनिटांची एक शॉर्टफिल्म केली, उद्याच्या बिघडलेल्या जगाची, म्हणजे ज्याला सगळे डिस्टोपियन म्हणतात तसली, आणि ती करताना कॅमेरा, पैसे, परमिशन या सगळ्यापेक्षा जास्त डोकेफोड कुणावरून झाली असेल तर ती आमच्या कागदावरच्या नायिकेवरून. ती कशी असावी यावर दीड महिना भांडणं झाली, दोघं तर आठ दिवस एकमेकांशी बोलत नव्हते. संवाद मी लिहिले होते आणि प्रत्येक वाचनाला कोण काय म्हणालं ते वहीत टिपून ठेवायचं काम पण माझ्याकडं होतं. ती वही समोर ठेवूनच हे लिहितेय. नावं कुणाचीच घेत नाही.

आधी गोष्ट सांगते म्हणजे पुढचं कळेल. सोलापूरकराला पाण्याचं वेगळं सांगायला नको, उजनी शंभरेक किलोमीटरवर, धरण ११७ टीएमसीचं, आणि तरी आपल्याकडं नळ चार-पाच दिवसाआड, "आज नळ आहे" म्हटलं की बाई कामाला येत नाही आणि आपण तिला काही बोलत पण नाही कारण आपल्या घरी पण तेच चाललेलं असतं. तर आमच्या स्क्रिप्टमधे उजनीचा तळ उघडा पडलाय, शहरात पाणी टोकनवर मिळतं, टोकन घरातल्या कमावत्या पुरुषाच्या नावावर असतं आणि तो गेला की टोकन रद्द. नायिका १९ वर्षांची, बाप यंत्रमागावर कामाला, तो पहिल्या पाच मिनिटातच जातो. आई आधीच नाही, धाकटा भाऊ आणि आजी. बंद पडलेल्या मिलच्या आवारात एक जुनी विहीर आहे, ही पोरगी रात्री तिच्यात उतरून पाणी काढते आणि गल्लीतल्या टोकन गेलेल्या घरांना वाटते. तिला स्क्रिप्टमधे नाव नव्हतं, टोकनचा नंबर होता, ४१. आम्ही सगळे तिला एक्केचाळीसच म्हणायचो.

पहिलं वाचन दिग्दर्शकाच्या घरी माडीवर झालं, आठ जण होतो. पान नंबर ७ वर बाप गेल्याचा सीन होता, माझ्या पहिल्या खर्ड्यात एक्केचाळीस रडत नाही, गप उठते, घागर घेते आणि बापाचं टोकन अजून चालू आहे तोवर शेवटचं पाणी भरून आणायला रांगेत जाऊन उभी राहते. मला हा सीन जमलाय असं वाटत होतं. वहीत त्या एका पानाखाली काय काय आहे बघा: एकजण म्हणाला ही फारच दगड वाटते, बाप मेलाय आणि हिला पाण्याचं पडलंय, प्रेक्षक हिच्यावर माया कशी करणार. दुसरी म्हणाली नाही नाही, रडली तर मग ती नेहमीचीच झाली, आपण स्ट्राँग मुलगी दाखवतोय ना. तिसरा म्हणाला एकच थेंब दाखवू, पण आवाज नको. चौथा म्हणाला थेंब दाखवायचा तर चेहरा चांगला दिसला पाहिजे, रडताना नाक-बिक लाल नको.

पान १४ वर ती पहारेकऱ्याच्या डोक्यात घागर घालते. तिथं परत तेच. एवढी किडकिडीत मुलगी एवढ्या दणकट माणसाला कशी पाडेल, पटत नाही. बरं, मग दणकट मुलगी घेऊ? नको, दणकट मुलगी टोकन गेलेल्या घरातली वाटणार नाही, उपाशी दिसली पाहिजे. आणि उपाशी दिसणारी घेतली की पोस्टरवर कशी दिसेल ही चिंता. ज्यांनी आम्हाला पैसे दिले त्यांचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे, माणूस मनानी चांगला, त्यांचं म्हणणं केस लांब असावेत आणि एक प्रेमाचा अँगल असावा कारण नुसत्या पाण्यावर कोण बघेल. कॅमेरा करणाऱ्या पोराला घाम पाहिजे होता, विहिरीतून वर येताना ओले कपडे पाहिजे होते, आणि त्याच दिवशी त्याच पोरानी हेही सांगितलं की मॅडम, हिचं कॅरेक्टर एकदम डिसेंट ठेवा, घरच्यांना दाखवायचीय फिल्म.

घरी येऊन मी वहीत दोन रकाने आखले. एका बाजूला कणखर, मारणारी, न रडणारी, कुणाचं न ऐकणारी, रात्री एकटी फिरणारी. दुसऱ्या बाजूला मायाळू, भावाची आई झालेली, नाजूक, सुंदर, लाजणारी, आजीपुढं मान खाली. दोन्ही रकान्यात सह्या त्याच लोकांच्या होत्या. पुरुषांचा हा रकाना आणि बायकांचा तो असं अजिबात नव्हतं. माझी स्वतःची सही पण दोन्हीकडं होती कारण "भावाला जेवू घालताना तिचा चेहरा मऊ होतो" ही ओळ मीच लिहिली होती.

मग बाकीच्यांनी काय केलंय ते बघू म्हणून आम्ही तीन-चार रविवार नुसते पिक्चर बघितले. ते रविवार मला अजून आठवतात, पंखा फुल्ल, खिडकीला ओली चादर बांधलेली, मधे वाटीत शेंगाचटणी आणि कडक भाकरीचे तुकडे, आणि बघता बघता कुणीतरी पॉज करायचं आणि पाऊण तास वाद.

सगळ्यात जुना बघितला १९२७ चा मूकपट, फ्रिट्झ लांगचा 'मेट्रोपोलिस'. त्यात या भांडणाचा निकाल लावायची पद्धत अगदी सरळ आहे, एका बाईत दोन्ही मावत नाही तर बायकाच दोन करा. खरी मारिया जमिनीखाली कामगारांना शांती सांगते, लेकरं तिच्याभोवती, आणि तिच्याच चेहऱ्याची यांत्रिक मारिया श्रीमंतांच्या क्लबात नाचते, लोकांना भडकवते. दोन्ही कामं ब्रिगिट हेल्म या एकाच नटीनी केलीत. शेवटी यंत्रबाईला लोक जाळतात आणि देवीसारखी मारिया उरते. आमच्यातला एकजण म्हणाला हे तर आपल्याकडच्या जुन्या सिनेमातल्या हिरोईन आणि व्हॅम्पसारखं झालं. बरोबर आहे, फक्त इथं दोघींना तोंड एकच आहे, त्यामुळं जास्त अंगावर येतं.

१९९१ चा 'टर्मिनेटर २' बघताना मात्र खोलीत शांतता झाली. सारा कॉनर, म्हणजे लिंडा हॅमिल्टन, पहिल्यांदा दिसते तीच वेड्यांच्या दवाखान्यातल्या खोलीत, पलंग उभा करून त्याला लोंबकळून पुल-अप्स काढताना, दंड असे की आमची पोरं बघतच राहिली. पण मला त्या पिक्चरमधली दुसरीच जागा महत्त्वाची वाटते. पोरगा जीव धोक्यात घालून आईला सोडवायला येतो, गाडीत ती त्याला जवळ ओढते, त्याला वाटतं आई मिठी मारतेय, आणि ती हातानी चाचपून कुठं लागलंय का एवढंच बघत असते, वर त्याला रागवते की तू यायलाच नको होतं. पोराच्या डोळ्यात पाणी येतं. आई म्हणून ती इथं नापास होते. पुढं ती एका शास्त्रज्ञाला मारायला त्याच्या घरात घुसते, बंदूक रोखते, आणि त्याचं बायको-पोर समोर आलं की तिच्यानी चाप ओढवत नाही, खाली बसून रडते. म्हणजे सैनिक म्हणून पण नापास. दोन परीक्षा एकाच दिवशी, एकीचं बरोबर उत्तर ते दुसरीत चुकीचं, आणि दोन्हीत नापास झालेली ही बाई मला त्या यादीतली सगळ्यात खरी वाटली. दिग्दर्शक म्हणाला तिला दोन्हीत पास केली असती तर ती पोस्टर झाली असती. ते वाक्य मी वहीत चौकट करून ठेवलंय.

'हंगर गेम्स' पोरांचा पाठ होता, त्यामुळं तिथं सगळ्यात जास्त खणलं गेलं. २०१२ चा पहिला भाग. कॅटनिस खाणीच्या वस्तीतली, बाप खाणीत गेलेला, आई खचलेली, शिकार करून घर चालवणारी, म्हणजे घरात ती आधीपासूनच बाप आहे. धाकट्या बहिणीच्या जागी स्वतः मरणाच्या खेळात जाते. आणि राजधानीत नेल्यावर तिचं पहिलं काय केलं जातं तर अंगावरचे केस काढतात, घासूनपुसून कपडे घालतात. धनुष्यबाण चालवून तिला १२ पैकी ११ मार्क पडतात, तरी तेवढ्यानी भागत नाही, स्टेजवर जाऊन हसायचं, झगा गरगर फिरवून दाखवायचा, कारण लोकांना आवडली तरच वरून औषध-अन्न पाठवणारे देणगीदार मिळणार. तिच्याच वस्तीतून खेळात आलेला पीटा मुलाखतीत जाहीर सांगतो की माझं हिच्यावर प्रेम आहे, ती आत येऊन त्याला भिंतीवर आदळते, तेव्हा तिचा गुरू हेमिच तिलाच समजावतो की बाई, त्यानी तुला हवीहवीशी केलं, तुझ्या फायद्याचंच आहे. म्हणजे मारता आलं पाहिजे, आणि मारणारी आहेस हे विसरायला लावता पण आलं पाहिजे. पुढच्या भागात अध्यक्ष स्नो घरी येऊन धमकी देतो की प्रेमाचं नाटक असं कर की मला स्वतःला पटलं पाहिजे. २०१४ च्या तिसऱ्या भागात तर बंडखोर पण तेच करतात, स्टुडिओत उभं करून, मेकप करून क्रांतीची घोषणा म्हणायला लावतात आणि ते इतकं खोटं दिसतं की सगळे बसून आठवतात, ही आपल्याला खरंच कधी भिडली होती? तर बहिणीसाठी पुढं झाली तेव्हा, मरणाऱ्या छोट्या रूसाठी गायली तेव्हा, असे प्रसंग निघतात जे तिला कुणीच लिहून दिलेले नव्हते.

आता इथं आमच्या ग्रुपमधल्या एका मुलीनी जे सांगितलं त्यावरून मला पुढचं सगळं सुचलं. ती म्हणाली, मॅडम, पण बाहेर पण तेच झालं की. जेनिफर लॉरेन्सबद्दल काही समीक्षकांनी लिहिलं होतं की ही उपाशी वस्तीतली वाटत नाही, अंगानी भरलेली आहे, आणि त्याच सिनेमाच्या पोस्टरवर तिला सुंदर दिसायचंच होतं. मी लगेच वही उघडली, आमच्या पान १४ खाली तेच लिहिलेलं, उपाशी दिसली पाहिजे आणि पोस्टरवर चांगली दिसली पाहिजे. आमच्या माडीवर राजधानीच बसली होती.

पण फरक पण आहे, आणि तो फार मोठा आहे. कॅटनिसकडून जे जे मागितलं जातं ते मागणारा माणूस पडद्यावर असतो. त्याला नाव आहे, चेहरा आहे, त्याचा काहीतरी फायदा आहे. त्यामुळं ती झगा फिरवते तेव्हा आपल्याला तिचा झगा पण दिसतो आणि तो फिरवायला लावणारी यंत्रणा पण. याच्या उलट कितीतरी पिक्चरात अपेक्षा कॅमेराच ठेवतो, गुपचूप, जगबुडी आली तरी हिरोईनीच्या भुवया कोरलेल्या, मारामारीनंतर कपाळावर एकच बट, आणि आत कुणीच तिला हे करायला सांगितलेलं नसतं, त्यामुळं ती नाही म्हणणार तरी कुणाला. माझ्या मते सगळी गोम इथं आहे. 'हंगर गेम्स' सुद्धा शेवटाला ते विसरतो असं मला वाटतं, २०१५ च्या शेवटच्या भागात कुरणात नवरा आणि दोन लेकरं घेऊन बसलेली कॅटनिस दिसते, त्या चित्राची हौस कुणाची होती हे पडद्यावर कुणीच सांगत नाही. यावर पोरं माझ्याशी भांडली, त्यांना तो शेवट शांत वाटतो, जखमी माणसाला मिळालेला. असू शकेल. पण मी माझं मत बदललं नाही.

'मॅड मॅक्स: फ्युरी रोड', २०१५. फ्युरिओसाचं डोकं तासलेलं, एक हात यंत्राचा, तिला बाई म्हणून वाग असं कुणी म्हणत नाही, मात्र तिच्या ट्रकच्या पोटात पाच सुंदर बायका पांढऱ्या झिरझिरीत कपड्यात लपलेल्या असतात, म्हणजे मेट्रोपोलिसची वाटणी जरा वेगळ्या रूपात परत आलीच. पण त्यात रडण्याचा जो सीन आहे तो आम्ही चार वेळा बघितला. जिथं पोचायला एवढी जीवघेणी धाव घेतली ती हिरवी जागा उरलीच नाही असं कळतं, ती सगळ्यांपासून लांब चालत जाते, चालता चालता तो यंत्राचा हात काढून टाकते, वाळूत गुडघ्यावर बसते आणि ओरडते. बघून कुणालाच ती कमजोर वाटली नाही. कॅमेरा करणारा पोरगा हळू आवाजात म्हणाला, तिनी हात आधी काढला.

आपल्याकडचं बघायला गेलं तर मामला सगळा कुशीपाशी येऊन थांबतो. २००३ चा मनीष झाचा 'मातृभूमी', मुलीच मारून टाकलेल्या गावात एक मुलगी सापडते आणि तिचं लग्न पाच भावांशी लावतात. पिक्चरचा राग खरा आहे, पण ती मुलगी दीड तास फक्त सोसते. २०२४ च्या 'कल्की २८९८ एडी' मधे दीपिका पदुकोण गरोदर आहे आणि सगळी पृथ्वी तिच्या पोटासाठी धावतेय, तिला स्वतःला काय पाहिजे हे विचारायला कुणाला सवड नाही. २००६ चा 'चिल्ड्रेन ऑफ मेन' पण त्याच जातीचा, फक्त तिथं की नावाच्या त्या मुलीला थट्टा करायला तरी जागा ठेवलीय. आमची एक्केचाळीस निदान गरोदर नव्हती. पण तिच्या काखेत मी एक भाऊ दिलाच होता.

एवढं सगळं बघून झालं तरी पान ७ जागचं हललं नाही. ते हललं सोलापूरच्या पूर्व भागात.

एक्केचाळीसचं काम करायला जी मुलगी मिळाली ती तिकडचीच, घरी तेलुगू बोलतात, आई विड्या वळते. मुलगी पण वळते, शूटिंगला यायच्या आधी पाचशे करून यायची. तिच्या घरी परवानगी मागायला मी आणि दिग्दर्शक गेलो. एक खोली, पुढं ओटा, ओट्यावर आई मांडीत सूप घेऊन बसलेली. हात एकदा पण थांबले नाहीत आमच्याशी बोलताना. भिजवलेलं पान घ्यायचं, पत्र्याचा तुकडा त्यावर ठेवून कात्रीनी कापायचं, चिमटीत तंबाखू, बोटाखाली गोल, दोरा, तोंड दुमडून आत दाबायचं. बघेपर्यंत एक झाली. मुलगी शेजारी बसून तिला स्टोरी सांगत होती, अर्धी तेलुगू अर्धी मराठी, आणि सांगता सांगता म्हणाली, अम्मा, हिचा बाप मरतो पण ही रडत नाही, यांचं त्याच्यावर भांडण चाललंय.

आई हसली नाही. म्हणाली, "रडायचं ना, पण कुठं रडायचं ते बघून रडायचं." मग तिनी तिचं सांगितलं. नवरा गेला तेव्हा ही मुलगी चौथीत. तिसऱ्या दिवशी ती पानं कापायला बसली कारण घरात काही नव्हतं, तर शेजारची म्हणाली काय बाई आहे, डोळ्याला पाणी नाही. आठवड्यानी माल द्यायला गेली, तिथं रांगेत रडू आलं, तर माल तपासणारा म्हणाला बाई रडू नका, विड्या भिजतील. घरी आली तर सासू म्हणाली पोरांसमोर रडू नको, ती भितील. दिराच्या घरी गेली तर म्हणे जरा नीट राहत जा, बांगड्या नाहीत पण केस तरी विंचर. "सगळ्यांचं ऐकलं की मी," ती म्हणाली, "एकाच आठवड्यात." आणि पुढचं पान उचललं.

परत येताना गाडीवर आम्ही दोघंही गप होतो. कन्ना चौकात सिग्नलला दिग्दर्शक म्हणाला, मॅडम, आपण आठ जण जे म्हणालो ते सगळं पिक्चरमधे टाकू. तिच्या अंगात नको, लोकांच्या तोंडात टाकू.

त्या रात्री पान ७ नव्यानं लिहिलं. आता एक्केचाळीस घागर घेऊन रांगेत उभी आहे, मागची बाई दुसरीला म्हणते, बाप पडलाय घरात आणि बघ, डोळ्याला पाणी नाही. तेवढ्यात तिला हुंदका येतो, तर खिडकीतला कारकून म्हणतो, रडू नका, लाईन थांबलीय. दोन वाक्यं, मधे दहा सेकंद. तिनी रडावं की नाही हा आमचा प्रश्नच संपला, कारण आता तो रांगेतल्या बाईचा आणि कारकुनाचा प्रश्न झाला, आणि त्या दोघांच्या मधे उभी राहून ती काय करते हे बघणं आमचं काम उरलं. सुंदर दिसायचं पण तसंच सोडवलं. नवीन टोकनसाठी फोटो काढतात तिथं फोटोवाला तिला म्हणतो, ताई जरा हसा, फोटो चांगला आला तर साहेब लवकर मंजूर करतात. ही ओळ म्हणजे आमचे पैसे देणारे काका आणि आमचा कॅमेरा, दोघंही एका वाक्यात. काकांना ती वाचून दाखवली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. प्रेमाचा अँगल निघाला म्हणून त्यांनी ठरल्यातले अर्धेच पैसे दिले, पण टॉवेल आणि जेवणाचे डबे शेवटपर्यंत पाठवत राहिले.

सगळं सुटलं असं नाही. पान १४ ची मारामारी शेवटपर्यंत नीट झालीच नाही, घागर डोक्यात बसते आणि दणकट माणूस फारच पटकन पडतो, आजही बघताना मला ते टोचतं. तिथं सांगायला पडद्यावर कुणी माणूस नव्हता, "हिरोईननी मारलं पाहिजे" ही हौस आमचीच होती आणि ती लपवता आली नाही. आणि शूटिंगमधे आम्ही स्वतः त्या मुलीशी तेच वागलो हे लिहिलं नाही तर हे सगळं लिखाण खोटं ठरेल. ४३ डिग्रीत बंद मिलच्या आवारात दुपारी दोन वाजता कुणीतरी तिला म्हणालं उपाशी दिसतेयस, मस्त, आज जेवू नकोस लगेच, आणि तासाभरानी क्लोजअपला दुसरं कुणीतरी म्हणालं, अगं जरा फ्रेश दिस ना. ती काहीच बोलली नाही. मी पण त्या क्षणी काहीच बोलले नाही. संध्याकाळी सगळ्यांना बसवून बोलले, आणि दुसऱ्या दिवसापासून तिचं जेवण सगळ्यांच्या आधी.

शेवटच्या शॉटवरून परत दोन दिवस भांडण. दिग्दर्शकाला पाहिजे होतं की पहाट झालीय, गल्लीतलं एक तान्हं लेकरू एक्केचाळीसच्या कडेवर आहे आणि ती त्याला पाणी पाजतेय. मी म्हणाले ते कुरण परत आलं. तो म्हणाला तुम्हाला माया दिसली की रागच येतो. तसं नव्हतं, पण मला नीट सांगता येत नव्हतं. तेव्हा ती मुलगी, जी चार दिवसात स्वतःहून एक शब्द बोलली नव्हती, विहिरीच्या कठड्यावर बसून पायातली खडी काढत होती, तिथून म्हणाली, "मॅडम, ही पाणी कधी पिते?"

आम्ही सगळ्यांनी स्क्रिप्ट उलटसुलट बघितली. २२ मिनिटं ती पाणी काढते, वाहते, वाटते, भावाला पाजते, आजीला पाजते. एकदा पण पीत नाही. सहा जणांनी नऊ खर्डे वाचले होते, दीड महिना ती कणखर का नाजूक यावर भांडलो होतो, आणि तिला तहान लागली असेल हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. माझ्या पण नाही.

शेवटचा शॉट मग असा झाला की ती विहिरीतून वर येते, घागर खाली ठेवते, इकडंतिकडं बघत नाही, दोन्ही हातानी घागर उचलते आणि तोंड लावून पिते. हनुवटीवरून, गळ्यावरून पाणी सांडतं, थांबते, श्वास घेते, परत पिते. कट नाही, संगीत नाही. कॅमेरा लांब, अंगावर फिरत नाही, हे त्या पोरानीच ठरवलं.

दाखवली तेव्हा ऐंशी-नव्वद माणसं होती, मुलीच्या गल्लीतली पण बरीच. बाहेर चहाला एक मावशी म्हणाल्या, सगळं छान, पण मुलीच्या जातीनी घागरीला तोंड लावून पिऊ नये, वरून प्यावं. एका कॉलेजच्या पोराचं म्हणणं, शेवट फारच साधा, तिनी कारकुनाला बडवायला पाहिजे होतं. दोन्ही मी वहीत लिहून घेतलं.

तिची आई तिसऱ्या रांगेत होती. शेवटचा शॉट चालू झाला आणि ती मुलगी घटाघटा प्यायला लागली तेव्हा सगळीकडं शांत होतं, आणि त्या शांततेत ती स्वतःशीच पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "मेल्लगा, मेल्लगा." हळू पी, ठसका लागेल.